शेवटच्या खेपेतल्या बायका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. माझ्या शाळेतल्या ख्रिस्ती मुली आठवड्यातून एकदा चर्चमध्ये जाऊन पाद्रीबाबांच्या कानात आपली पापं सांगून यायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर पायरीवर चिंचा खात त्यांची वाट बघायचो. पाच मिनिटांत मोकळ्या! तेव्हा हसू यायचं. आठ-दहा वर्षांच्या मुलीचं पाप ते काय, असं वाटायचं. आता वाटतं, त्यांना निदान सवय तरी लागली.

आज लिहायला बसले, कारण कॉलेजातल्या सरांचं पत्र आलंय. दर वर्षी या सुमारास येतं. ‘तुमच्यासारखा अहवाल त्यानंतर एकाही तुकडीनं दिलेला नाही. नव्या विद्यार्थ्यांसमोर येऊन दोन शब्द बोलावेत – स्त्री-कामगारांचा विश्वास कसा संपादन करावा, या विषयावर.’ विश्वास कसा संपादन करावा! मी तीनदा जाऊन हे सांगून आले आहे. तीनदा टाळ्या घेतल्या आहेत. नारळ आणि पुष्पगुच्छसुद्धा. या वर्षी जायचं की नाही ते ठरलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तो इथला प्रश्नच नाही.

हे मी मराठीत लिहितेय, तेही मुद्दाम. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. मनातल्या मनात बेरीज करते तीही इंग्रजीत. पण इंग्रजीत हे फार छान दिसेल हो. मला माहीत आहे मी ते कसं लिहीन – ‘पद्धतीतील काही त्रुटी’, ‘माहितीसंकलनाच्या मर्यादा’. असली वाक्यं मला झोपेतही सुचतात. मराठीत मला फक्त साधं लिहिता येतं. तेच बरं.

तर – मी पुण्यात व्यवस्थापनाची पदविका करत होते. त्या काळी हे शिक्षण इतकं नवं होतं की वडिलांचे मित्र विचारायचे, ‘म्हणजे नक्की काय शिकतेस? दुसऱ्याला कामाला लावायचं?’ वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्या बाकावर बसायचे, कारण मागे बसायची भीती वाटायची. बोलायचे मात्र नाही. कधीच नाही. आणि या न बोलण्याचं लोकांनी काय करून ठेवलं म्हणता? ‘मिस प्रधान शांत आहेत, पण सगळं टिपतात.’ ‘मिस प्रधान खोल आहेत.’ मी खोल नव्हते. मी भित्री होते. भित्रेपणा आणि खोली यांतला फरक एवढ्या शिकलेल्या माणसांना कळू नये, याचा मला अजूनही राग येतो. आणि तो गैरसमज मी कधी दूर केला नाही, याचा त्याहून जास्त.

शेवटच्या सत्रात परीक्षा नसायची. त्याऐवजी एक काम असायचं. सर त्याला ‘कळस’ म्हणत. हिशेब शिकलात, कायदा शिकलात, मानसशास्त्र शिकलात, आता हे सगळं बरोबर घेऊन एका खऱ्या कारखान्यात जा, त्याचा एक खरा प्रश्न सोडवा आणि कारखान्याच्या माणसांसमोर उभं राहून तो मांडा. सरांचे डोळे हे सांगताना पाणावायचे. पंचवार्षिक योजना, नवा देश, नवे कारखाने, आणि ते चालवणारे आपण. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा यायचा.

दोघादोघांच्या जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला कीर्तने आला – हुशार, घाईचा, सतत मनगटावरचं घड्याळ बघणारा मुलगा. आणि आमच्या वाट्याला आला पिंपरीचा एक कारखाना, चिनी मातीच्या कपबश्यांचा. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तिथे एका लांब खोलीत यायचा. त्या खोलीत चाळीस बायका ओळीनं बसायच्या. हातात लाकडाची छोटी काठी. कप उचलायचा, काठीनं टिचकी मारायची, कान देऊन ऐकायचं. चांगला कप खणकन वाजतो. आत तडा गेलेला कप ‘भद्द’ म्हणतो. तो बाजूला. डोळ्याला न दिसणारा तडा त्या बायकांच्या कानाला कळायचा. हे काम पुरुषांना जमत नाही, असं खुद्द मॅनेजरच म्हणायचे. पुरुष कंटाळतात आणि गप्पा मारत बसतात. बायकाही गप्पा मारायच्या, पण कान कपाकडेच.

आता प्रश्न. कारखान्याचा भोंगा सकाळी सातला व्हायचा. सात वाजून दहा मिनिटांनी फाटक बंद. त्यानंतर येणारीनं परत जायचं, खाडा लागला. आणि या चाळिसांपैकी निम्म्याअधिक बायका, सगळ्या पवना नदीपलीकडच्या, रहाटणीच्या बाजूच्या, पुन्हा पुन्हा फाटकाबाहेर राहायच्या. ओळीत रिकाम्या जागा, कपांचे ढीग पडून. का? या बायका उशिरा का येतात? एवढाच प्रश्न. मॅनेजर वैतागले होते. उपाय सापडला तर ठीक, नाहीतर त्या बायकांना काढून अलीकडच्या, निर्वासितांच्या कॅम्पातल्या आणि पिंपरी गावठाणातल्या बायका घ्यायच्या, असं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे आमच्या अहवालावर काय अवलंबून आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

कीर्तनेनं भट्टी, खोलीचा नकाशा आणि कपांची ने-आण स्वतःकडे घेतली. बायका मला दिल्या. ‘तुम्हीच बोला त्यांच्याशी मिस प्रधान, तुम्ही लेडी आहात.’ सरांनीही मान डोलावली. चाळीस फॉर्म सायक्लोस्टाइल करून मिळाले. प्रत्येकीला अकरा प्रश्न. घरात माणसं किती, उठता केव्हा, उशीर होण्याची कारणं कोणती. प्रत्येकीजवळ बसायचं, विचारायचं, लिहायचं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून अक्षर माझंच असणार होतं.

पहिल्या दिवशी मी त्या खोलीच्या दारात उभी राहिले. चाळीस काठ्यांचा आवाज एकदम थांबला.

‘आली गं मास्तरीन,’ कुणीतरी म्हणालं.

‘परीक्षा हाय का काय आज?’

‘आगं, बघ की कशी ताठ उभी हाय. हिलाच आदी टिचकी मारून बघा. खनकती का भद्द करती!’

सगळी खोली हसली. वाईट हसणं नव्हतं ते. आज मला कळतं, ते चक्क स्वागत होतं. मी एक पाऊल पुढे टाकून हसले असते, तर कुणीतरी सरकून जागा दिली असती. मी काय केलं? मी फॉर्म छातीशी धरून मागे वळले आणि बाहेर व्हरांड्यात, जिथे गवताच्या पेंढ्या आणि फुटक्या कपांची पिंपं ठेवलेली होती, तिथे जाऊन बसले. कान तापले होते. थोडा वेळ थांबू, मग जाऊ, असं स्वतःला सांगितलं.

गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कीर्तनेनं विचारलं, किती झाले? मी म्हटलं, नऊ.

नऊ! एकही झाला नव्हता. पण तोंडून निघालं ते निघालं. मग नऊ तर भरायलाच हवे होते ना? हजेरीपटावरून नावं उतरवून घेतली आणि व्हरांड्यात बसून पहिला फॉर्म भरला. पहिल्याला अर्धा तास लागला. दुसऱ्याला दहा मिनिटं. आणि मग – हे सांगायला लाज वाटते, पण सांगते – मला मजा यायला लागली. घरात माणसं सात. सासू आजारी. पहाटे दळण, पाणी, भाकऱ्या. नवरा तापट. लेकरू अंगावर पितं. मला काय माहीत होतं हो त्या बायकांच्या घरातलं? काही नाही. पण आमच्या मोलकरणीकडून कानावर आलेलं, मासिकांतल्या गोष्टींत वाचलेलं, सगळं कामी आलं. शाई दोन रंगांची वापरली. मधूनच एखादं उत्तर खोडलं. चार-पाच जणींच्या नावापुढे ‘सांगता येत नाही’ असं लिहिलं, कारण सगळ्यांनी सगळं सांगितलं तर ते खरं वाटणार नाही, असं वर्गात शिकवलं होतं. मी खोटंसुद्धा अभ्यासक्रमाप्रमाणे लिहिलं. आठ दिवसांत चाळीस फॉर्म तयार. बहुतेकींचं कारण – घरची कामं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बरं, एक लाजाळू मुलगी, तिनं कॉलेजातलं काम ढापलं. अशी कितीजणं ढापतात. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण गोष्ट इथे संपत नाही. इथे संपली असती तर मी हे लिहिलंच नसतं.

फॉर्म पुरे झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत एक बाई आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. तान्हूबाई तिचं नाव. पस्तिशीची असेल. सडपातळ, नाकात मोरणी, बोटांना कायम पांढरी धूळ. दाराजवळची पहिली जागा तिची, आणि नव्या बायकांना कप ऐकायला तीच शिकवायची. तिनं फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी माझ्यापुढे सरकवली.

‘बोलाया आलाय म्हनं आमच्याशी. आन् आठ दिस झालं, बोलत तर कुनाशीच न्हाई. आमी काय खातो व्हय तुमाला?’

मी काहीतरी पुटपुटले.

‘लाजता व्हय? लाजा की. पर आमचं ऐकून तरी घ्या.’

आणि तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. नदीला मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत उतार असतो. तेव्हा त्या बायका लुगडी वर धरून चालत येतात आणि कुणालाही उशीर होत नाही. पावसाळ्यात पाणी चढलं की कार्तिकापर्यंत होडी. होडी गावाची. नावाड्याला गाव सुगीला धान्य देतं, बलुत्याचं. जो शेतवाला धान्य देतो त्याचा माल आधी – दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, पुण्याची गाडी गाठायची असते त्यांना. या बायकांच्या घरांना जमीन नाही, त्यामुळे बलुत्यात त्यांचा वाटा नाही, त्यामुळे त्या शेवटच्या खेपेला. नावाडी दिवस उगवल्याशिवाय पाण्यात वल्हं घालत नाही. पहिली खेप, दुसरी खेप, आणि मग या. अलीकडे पाय लागेस्तोवर भोंगा झालेला.

‘त्याला किती येळा सांगितलं, बाबा, आमाला आदी सोड. त्यो म्हनतो, रीत मोडाया मी कोन? आन् त्याचंबी खरंच हाय. तवा कंपनीनं भोंगा अर्दा तास फुडं न्यावा. बास. आमाला दुसरं काय नगं. येवढं सायबाच्या कानावर घाला.’

‘तुम्ही नाही का सांगितलं त्यांना?’ मी विचारलं. ती हसली.

‘आमी? आमी सायबाशी बोलनार? तुमी तर आमच्याशी बोलाया घाबरता, मास्तरीनबाई!’

मग ती स्वतःबद्दल बोलली. नवऱ्यानं दुसरी केल्यावर ती भावाकडे परत आली होती. सात वर्षं भावजयीच्या हाताखाली काढली. ‘मीठ घ्यायचं तरी इचारून.’ कारखान्यात लागल्यावर तिनं भावाच्याच घरात, गोठ्याच्या कडेला, आपली वेगळी चूल मांडली. हे सांगताना ती थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं, मला समजलं की नाही ते बघायला. मला समजलं होतं. ती नोकरी गेली की ती चूल जाणार, एवढं समजायला पदविका लागत नाही.

तिच्यादेखत मी वहीत सगळं उतरवून घेतलं. ‘लिवलं का?’ तिनं विचारलं. ‘लिहिलं,’ मी म्हटलं. ‘सांगाल नव्हं?’ ‘सांगते.’

दुसऱ्या दिवशी मी पहाटेची गाडी धरून पिंपरीला उतरले आणि सरळ नदीवर गेले. बाभळीच्या आडून बघत उभी राहिले. पलीकडच्या काठावर त्या सगळ्या ओळीनं उभ्या होत्या, डब्यांची गाठोडी घेऊन. दुधाच्या किटल्या चढल्या. होडी आली, गेली. भाजी चढली. आली, गेली. बायका उभ्याच. एक जण नदीकाठच्या दगडावर बसून दुसरीची वेणी घालत होती. शेवटी त्या चढल्या, आणि होडी पात्राच्या मध्यावर असताना कारखान्याचा भोंगा झाला. नावाड्यानं वल्हं जरा जोरात मारलं, एवढंच. तान्हूबाई पुढच्या टोकाला बसली होती. तिनं मला बाभळीआड ओळखलं आणि हात वर केला. खूश झाली होती ती. मी बघायला आले म्हणून.

मग मी काय केलं?

मला वाटतं, मी परत गाडीत बसल्यावर सगळं स्पष्ट झालं. होडीचं कारण अहवालात घालायचं, तर सर विचारणार – निम्म्याअधिक बायका त्या होडीनं येतात, मग चाळीस फॉर्मांत होडीचा उल्लेख एकदाही कसा नाही? एक खरी गोष्ट लिहिली की चाळीस खोट्या उघड्या पडणार. फॉर्म फाडून नवे भरता आले असते. चार दिवस होते. आता त्या खोलीत जायला भीती वाटायचंही कारण नव्हतं, तान्हूबाईनं मला शेजारी बसवून घेतलं असतं. पण त्यासाठी कीर्तनेला सांगावं लागलं असतं की ते नऊ नऊ नव्हते. मी त्याला म्हटलंही – ‘ते होडीचं जरा –’ तो टाइपरायटरवरून मान वर न करता म्हणाला, ‘मिस प्रधान, तक्ते टाइप झालेत. तीन कार्बन. आता होडीबिडी नको, प्लीज.’ आणि मी गप्प बसले. त्याला दोष देत नाही. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याची घाई मला सोयीची पडली, एवढंच.

हजेरीपट आमच्याकडे होता. उशिराचे सगळे खाडे आषाढ ते कार्तिक, उन्हाळ्यात एकही नाही, हे त्यात धडधडीत दिसत होतं. सरांनी ते बघून म्हटलं, ‘पेरणी, सण, गणपती, दसरा – ग्रामीण मनोवृत्ती!’ आणि मला ते वाक्य अहवालात घालायला सांगितलं. मी घातलं. स्वच्छ अक्षरात.

दिवाळीच्या आधी कॉलेजच्या सभागृहात मांडणी झाली. कारखान्याचे मॅनेजर पहिल्या रांगेत. कीर्तने बोलला, नकाशे दाखवले. मी नेहमीसारखी खाली बघत बसले होते. तेवढ्यात मॅनेजरांनी हात वर केला. माणूस कडक होता, पण वाईट नव्हता. ते म्हणाले, ‘मिस प्रधान, तुम्ही स्वतः या बायकांशी बोललात. एक सांगा. आम्ही पाळी साताऐवजी साडेसातला सुरू केली, तर काही फरक पडेल का? पडत असेल, तर मी करायला तयार आहे.’

ऐकलंत ना? त्यांनी स्वतःहून विचारलं. तान्हूबाईनं जे मागितलं होतं, नेमकं तेच, शब्दाशब्दानं. मला काही मांडायचं नव्हतं, पटवायचं नव्हतं, धाडस करायचं नव्हतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. फॉर्मांचा प्रश्न आलाच नसता कदाचित. आला असता तरी काय झालं असतं? नापास झाले असते. घरी बोलणी बसली असती. बस.

मी उभी राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या वर्गानं माझा आवाज नीट ऐकला. मी म्हटलं, ‘नाही सर. मला तसं वाटत नाही. प्रश्न वेळेचा नाहीच, घरचा आहे. अर्धा तास दिला तर तो घरच्या कामातच जाईल.’

किती छान वाक्य ना? मॅनेजरांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. सरांचा चेहरा फुलला. आम्ही पहिले आलो.

बक्षीस म्हणून म्हणा, मॅनेजरांनी मला नोकरी देऊ केली. त्याच कारखान्यात, कामगार कचेरीत, मदतनीस म्हणून. मी ती घेतली. हे मी घाईघाईत सांगून पुढे जाणार होते, पण नको. घेतली. वडिलांनी पेढे वाटले.

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात नदीपलीकडच्या बायकांना कामावरून कमी केल्याची पत्रं निघाली. पत्र वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा हे काम माझं, कारण ‘मिस प्रधानांवर बायकांचा विश्वास आहे’. एकेक करून आल्या. तान्हूबाई आली. मी वाचून दाखवलं. तिनं बोटांची पांढरी धूळ पदराला पुसली. मग विचारलं, ‘बाई, तुमी सांगितलं व्हतं नव्हं भोंग्याचं?’

इथेही मला एकदा संधी होती. काही बदललं नसतं, पण निदान तिला खरं कळलं असतं. मी म्हटलं, ‘सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.’

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. ‘जाऊ द्या. तुमी तरी काय करनार एकल्या? तुमाला बोलायाचंबी भ्या वाटतं. येवढं आमच्यापायी बोललात, तेच लई झालं.’

शाईच्या पॅडवर आणि मग पत्रावर अंगठा टेकवून ती गेली. खाली मैत्रिणी थांबल्या होत्या. खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू आलं. तान्हूबाई त्यांना सांगत होती, पोरीनं सांगितलं व्हतं गं, पोरीचा काय दोष न्हाई.

कॅम्पातल्या नव्या बायका आल्या. मेहनती होत्या, वेळेवर यायच्या. पण कप कसा ऐकायचा ते शिकवणारी तान्हूबाईच उरली नव्हती. कित्येक महिने तडे गेलेला माल दुकानांपर्यंत जात राहिला आणि परत येत राहिला. मॅनेजर चिडले. मी त्याचीही टिपणं काढली, तक्ते केले. आणि त्यानंतरच्या वर्षी – हे ऐका – विजेचा पुरवठा सकाळी कमी पडू लागला, म्हणून कारखान्याची पाळी साडेसातला सुरू झाली. एका दुपारी ठरलं, दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागलं. कुणी अहवाल मागवला नाही. कुणी फॉर्म भरले नाहीत. तो कागद मीच टाइप केला.

त्या बायकांना परत बोलवावं, असं मी सुचवू शकले असते. सुचवलं नाही. का आठवल्या एकदम, असं कुणी विचारलं असतं तर?

तान्हूबाईचं काय झालं ते मला रहाटणीच्या एका दूधवाल्याकडून कळलं, मी विचारलं म्हणून नाही, तो आपणहून बोलला म्हणून. तिची चूल मोडली. ती पुन्हा भावजयीच्या हाताखाली आहे, आणि रस्त्याचं काम निघालं की खडी फोडायला देहूरोडकडे जाते. रहाटणी माझ्या कचेरीपासून लांब नाही. उन्हाळ्यात नदीला उतार असतो. मी पाच उन्हाळे इथे काढले. एकदाही गेले नाही. जाऊन काय सांगणार, असं स्वतःला विचारत आले, जणू काय सांगायचं ते मला माहीतच नाही.

लोक म्हणतात, लहान वय होतं. एकवीस वर्षं. लाजाळू स्वभाव होता, वेगळ्या वातावरणात वाढलेली मुलगी होती. म्हणतील, म्हणजे. अजून कुणाला माहीत नाही, त्यामुळे म्हणायची वेळ आलेली नाही. पण मला ते आताच ऐकू येतं आणि वैताग येतो. लाजाळू माणसाला सभागृहात बोलता येत नाही. मला आलं. शंभर माणसांसमोर, न अडखळता.

मी नदीवर जाऊन डोळ्यांनी बघितलं होतं. मला सरळ विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं, आणि मी नाही म्हणाले.